‘सांगत्ये ऐका’ : एका नटीच्या जबानीची साधन म्हणून परीक्षा

या पानांत ज्या ग्रंथांची परीक्षणें येतात ते बहुधा सनदा, महजर, कैफियती अथवा बखरी यांचे असतात. त्यांच्या पंक्तीस एका चित्रपट-नटीचें आत्मनिवेदन आणून बसविलेलें पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आंठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. तरी पण हंसाबाई वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ हें पुस्तक येथें परीक्षणास घेण्याचें कारण केवळ वाङ्मयीन नाहीं. तें एक साधन आहे, आणि ज्या प्रांताच्या व ज्या वर्गाच्या इतिहासाचें तें साधन आहे त्या वर्गाचीं साधनें इतकीं विरळ आहेत कीं, हातीं आलेलें एकही तपासून घेतल्यावांचून सोडून देणें संशोधकास परवडणारें नाहीं.

सावंतवाडी संस्थान व मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा, म्हणजे १ मे १९८१ पासून ज्यास सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतात तो मुलूख, याच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या सामाजिक इतिहासाचे कागद जमवूं लागलें म्हणजे एक उणीव पदोपदीं जाणवते. देवस्थानांचे कागद सांपडतात, वतनाचे तंटे सांपडतात, सावंत-भोंसल्यांचा व फिरंग्यांचा व्यवहार कळण्यापुरते लेख सांपडतात. परंतु ज्या स्त्रियांच्या गळ्यावर व पायांवर येथल्या देवळांतील उत्सव आणि घरंदाजांच्या मैफली उभ्या राहिल्या, त्यांच्या स्वतःच्या तोंडचा शब्द सांपडत नाहीं. १८८० सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडी यांसंबंधीं आहे. त्यांत भावीण व देवळी यांची नोंद जातींच्या यादींत येते; पण अशा नोंदींत चालीरीती असतात, माणसें नसतात. गांवच्या दशावतारांत स्त्रीचा वेष परंपरेनें पुरुषच घेत आले, त्यामुळें तेथेंही स्त्री-कलावंताचा माग लागत नाहीं. अशा स्थितींत त्या वर्गांत जन्मलेली एक स्त्री आपली हकीकत आपण होऊन सांगते, ती तिच्या हयातींत छापली जाते, आणि तिजवर तिचें नांव असतें, ही गोष्ट आमच्या मतें सामान्य नव्हे.

प्रथम ग्रंथाची उत्पत्ति पाहूं. हंसाबाई यांचें मूळ नांव रतन भालचंद्र साळगांवकर. जन्म १९२३ सालीं मुंबईस झाला. बाळपणाचा कांहीं भाग सावंतवाडींत गेला. साळगांव हें कुडाळ तालुक्यांतील गांव प्रसिद्धच आहे. घराणें कलावंतांचें. १९३६ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, ‘विजयाची लग्नें’ या बोलपटांतून ही मुलगी पडद्यावर आली, आणि त्या वेळीं घराण्याचें आडनांव बाजूस ठेवून नात्यांतील एका ज्येष्ठ स्त्रीकडून आलेलें ‘वाडकर’ हें आडनांव तिनें लाविलें. पुढें ‘बाँबे टॉकीज’चा ‘नवजीवन’ (१९३९), ‘प्रभात’चा ‘संत सखू’ (१९४१), ‘राजकमल’चा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हे तिच्या कारकीर्दीचे ठळक टप्पे होत. १९६६ सालीं ‘माणूस’ या नियतकालिकांत तिचें आत्मनिवेदन प्रथम छापलें गेलें. १९७० सालीं तें पुस्तकरूपानें निघालें. आणि पुढच्याच वर्षीं, १९७१ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं ती वारली. हकीकत बाईंनीं तोंडानें सांगितली व ती अरुण साधू यांनीं शब्दबद्ध केली. साधू हे पुढें ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनीं नांवारूपास आले. १९६६ सालीं ते पंचवीस वर्षांचे तरुण पत्रकार होते.

येथें पहिली शंका उभी राहते. हे शब्द कोणाचे? ज्या लेखाचा सांगणारा एक व लिहिणारा दुसरा, त्यास अस्सल म्हणावें कीं नक्कल? हा प्रश्न आम्हां लोकांस नवा नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं चिंतामण विनायक वैद्य यांनीं छापला, तेव्हां त्यांनीं भाषेंत फेरफार केले व मजकुरांत काटछाट केली. लोकांनीं साठ वर्षें तोच पाठ गोडसे भटजींचा म्हणून वाचला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं पाठ प्रसिद्ध केला तेव्हां भटजींचा खरा आवाज कानीं पडला. गोडसे भटजींचें हस्तलिखित जपून राहिलें म्हणून हें घडूं शकलें. योगायोग असा कीं, त्याच १९६६ सालीं हंसाबाईंची जबानी छापून निघाली. यावरून घेण्याचा धडा उघड आहे. तोंडी हकीकतीच्या बाबतींत ऐकतां ऐकतां केलेलीं टिपणें हेंच मूळ हस्तलिखित होय, आणि त्याचें मोल छापील पुस्तकाहून यत्किंचितही कमी नाहीं. १९६६ चा नियतकालिकांतील पाठ व १९७० चा पुस्तकांतील पाठ यांची ओळीस ओळ लावून पाहणी करणें, हें या ग्रंथाच्या संपादनाचें पहिलें काम होय. सामान्य वाचकास तें क्षुल्लक वाटेल. पोथ्यांचीं पाठांतरें लावणाऱ्यांस त्याचें महत्त्व सांगावयास नको.

आतां अंतरंगाकडे वळूं. पुस्तकाची भाषा बोलती आहे, आणि शब्दांकन करणाराने ती बहुतांशीं बोलतीच राहूं दिली आहे, हा त्याचा मोठा गुण. सांगणारी बाई एका प्रसंगावरून दुसऱ्यावर जाते, मागें येते, मध्येंच थांबते. वाक्यें आंखूड असतात. वैद्यांनीं भटजींच्या मजकुरावर जसा हात फिरविला तसा येथें सरसकट फिरविलेला दिसत नाहीं. पण याच गुणाबरोबर एक दोष येतो. काळाचा धागा सुटतो. स्मरणानें सांगितलेल्या हकीकतींत वर्षांचा हिशेब नेहमींच कच्चा असतो. कोणती घटना लग्नापूर्वींची, कोणती नंतरची, कोणत्या चित्रपटाच्या वेळीं घरची स्थिति काय होती, हें वाचकास स्वतः जुळवून घ्यावें लागतें. बखरींतील कालविपर्यासावर राजवाड्यांनीं केलेली टीका ज्यांच्या ध्यानांत आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. परंतु बखरींपेक्षां येथें एक सोय आहे. ज्याप्रमाणें शकावलीच्या नोंदींनीं बखरींतील घोळ निस्तरतां येतो, त्याप्रमाणें चित्रपटांच्या वर्षांनीं या हकीकतीस खुंट्या मारतां येतात. मुंबईचें सेन्सॉर मंडळ १९२० पासून काम करूं लागलें होतें, तेव्हां सार्वजनिक खेळास निघालेल्या चित्रपटाची तारीख कोठें तरी नोंदली गेलेली असतेच. वर दिलेलीं पांच वर्षें घेऊन कोणीही हें पुस्तक पुन्हां वाचावें. विस्कळित वाटणारा बराच भाग आपोआप जागच्या जागीं बसतो.

दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. सांगणारास कोणाला खूष करावयाचें होतें? बखरकार बहुधा कोणाच्या तरी आज्ञेनें लिहितो. सभासदानें राजारामांच्या सांगण्यावरून लिहिलें. येथें आज्ञा करणारा धनी नाहीं. सांगून लाभ होण्याची आशा थोडी व नांवास बट्टा लागण्याचा संभव अधिक, अशा स्थितींत ही हकीकत बाहेर पडली आहे. मद्यपान, घर सोडून जाणें, मराठवाड्यांतील एका खेड्यांत परक्याच्या घरीं बंदिवासासारखे काढलेले दिवस, या गोष्टी ती झांकीत नाहीं व त्यांचा दोष सर्वस्वीं दुसऱ्यावर टाकीतही नाहीं. नाना फडणिसानें आपल्या छोटेखानी आत्मचरित्रांत तारुण्यांतील मनोविकारांची कबुली दिली आहे, आणि त्याच कबुलीमुळें त्याच्या पानिपतच्या हकीकतीवर आमचा विश्वास दुणावतो. जो स्वतःविरुद्ध साक्ष देतो त्याची इतर साक्षही ऐकून घ्यावी, हा न्याय कारभाऱ्यास लावावयाचा व नटीस लावावयाचा नाहीं, असें करतां येणार नाहीं. मात्र याच न्यायाची दुसरी बाजूही सोडतां कामा नये. जेथें ती दुसऱ्यांविषयीं सांगते, विशेषतः पतीविषयीं व कुटुंबांतील वडिलांविषयीं, तेथें ती एका पक्षाची जबानी आहे. करीन्यांत एका वादीचें म्हणणें असतें. त्यावरून निवाडा लिहावयाचा नसतो. पुढील कांहीं लेखकांनीं या पुस्तकांतील प्रत्येक वाक्य सिद्ध वस्तुस्थिति म्हणून उचललें आहे. ती पद्धति आम्हांस मान्य नाहीं.

तिसरा मुद्दा या साधनांतून निघतें काय याचा. आमच्या मतें त्याचें मुख्य मोल चित्रपटाच्या इतिहासाकरितां नसून कुटुंबाच्या इतिहासाकरितां आहे. १९३४ सालीं मुंबई सरकारानें देवदासी-संरक्षणाचा कायदा केला. तो इलाख्यापुरता, सावंतवाडी त्या वेळीं संस्थान होतें व १९४८ पर्यंत तसेंच राहिलें. तिकडे गोमंतकांत व मुंबईंत कलावंत समाजानें आपली सुधारणा आपणच हातीं घेतली होती. लग्नाची चाल घरोघर रुजत होती, मुलें शाळेंत जात होतीं. राजाराम पैंगणकर यांचें ‘मी कोण?’ हें आत्मचरित्र या चळवळीचें पुरुषाच्या बाजूचें साधन होय. ‘सांगत्ये ऐका’ हें त्याच काळाचें स्त्रीच्या बाजूचें. कायद्यानंतर दोनच वर्षांनीं तेरा वर्षांची मुलगी चित्रपटांत जाते, कारण घरांत मिळविणारें दुसरें कोणी नाहीं. जुन्या घराण्यांत मिळविणारी स्त्री ही घराची कर्ती असे, मालमत्ता तिच्या नांवें चाले, नांवही आईकडून येई. नव्या व्यवस्थेंत लग्न आलें, प्रतिष्ठा आली; पण मिळविण्याचें ओझें स्त्रीच्याच शिरावर राहिलें आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब मात्र पुरुषाच्या हातीं गेला. लग्न करून चूल-मूल संभाळावें ही जी इच्छा ही स्त्री पुन्हां पुन्हां बोलून दाखविते, ती आणि तिच्या कमाईवर चालणारें घर, या दोहोंचा मेळ शेवटपर्यंत बसला नाहीं. सुधारणेच्या अहवालांत व परिषदांच्या ठरावांत ही बाजू आढळत नाहीं. ती या एका पुस्तकांत आहे, आणि म्हणून ज्यास त्या सुधारणेचा इतिहास लिहावयाचा आहे त्यास हें पुस्तक टाळतां येणार नाहीं.

समकालीन दुसऱ्या एका लेखाशीं तुलना केली असतां हें अधिक स्पष्ट होतें. शांता आपटे यांनीं १९३९ सालीं ‘प्रभात’च्या दाराशीं उपोषण केलें व १९४० सालीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक लिहिलें. तिचें भांडण कंपनीशीं होतें. करार, वेतन, कलावंताचे हक्क हा तिचा विषय. हंसाबाईंचें गाऱ्हाणें घरांतलें आहे. एकीनें धंद्याचें अंग दाखविलें, दुसरीनें ओसरीच्या आंतलें. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे त्या पिढीच्या स्त्री-कलावंताचें आयुष्य दोहों बाजूंनीं दिसतें. येथेंच ‘सांगत्ये ऐका’ची मोठी उणीवही नमूद केली पाहिजे. ज्या कलेवर हें सर्व उभें होतें तिजविषयीं बाई फार थोडें सांगते. सखूची सोशीक सून आणि रामजोशीच्या चित्रपटांतील फडावरची बया, या दोन टोकांच्या भूमिका सहा वर्षांच्या अंतरानें एकाच नटीनें वठविल्या. एक कऱ्हाडची संत, दुसरी उत्तर पेशवाईंतील लावणीच्या बैठकीची. या भूमिका तिनें कशा बसविल्या, चाल व बोलणें कोठून उचललें, घरचें गाणें तिच्या कितपत उपयोगीं पडलें, हें तिच्याशिवाय दुसरें कोण सांगणार होतें? विचारणारानें हें अधिक खोदून विचारावयास हवें होतें. दुःखाची हकीकत ऐकतांना कसबाची हकीकत विचारावयाची राहून जाते, आणि मग वाचकाच्या मनांत ती स्त्री सोसणारी म्हणून उरते, करणारी म्हणून उरत नाहीं.

पुढें जें झालें त्यानें ही उणीव अधिकच रुंदावली. १९७७ सालीं श्याम बेनेगल यांनीं या पुस्तकाच्या आधारें ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील यांस त्यांतील कामाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, पटकथेसही मिळालें. चित्रपट उत्तम आहे याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु त्यांतील नायिकेचें नांव उषा आहे, रतन नव्हे. कथा रचलेली आहे, प्रसंग निवडलेले व जुळविलेले आहेत. आज अनेक सुशिक्षित माणसें हंसाबाईंची म्हणून जी माहिती सांगतात ती पुष्कळदां उषेची असते. भर घालणारी आणखी एक गोष्ट अशी कीं, पुस्तकाचें नांवही १९५९ च्या एका चित्रपटावरून घेतलेलें आहे. तो तमाशा-पट पुण्यांत शंभराहून अधिक आठवडे चालला, त्यामुळें नांव सर्वतोमुखीं होतें. अशा रीतीनें एका जबानीच्या अलीकडे एक चित्रपट व पलीकडे एक चित्रपट उभा आहे. साधन व साधनावरून रचलेली कथा यांतला भेद आम्ही शिवकालाविषयीं कटाक्षानें पाळतों. कादंबरींतला प्रसंग कोणी पुरावा म्हणून पुढें केला तर आम्ही हंसतों. तोच कटाक्ष गेल्या शतकाविषयीं का नसावा?

शेवटीं एक गोष्ट या किनाऱ्यावरील संग्राहकांस उद्देशून लिहिणें प्राप्त आहे. वेंगुर्ल्याजवळील शिरोडें येथें वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. १९३६ सालीं त्यांच्या कथेवर ‘छाया’ हा बोलपट निघाला. म्हणजे याच मुलखाशीं संबंध असलेलीं दोन माणसें एकाच वर्षीं चित्रपटाच्या जगांत शिरलीं. खांडेकरांचें स्मृतिसंग्रहालय कोल्हापूरच्या विद्यापीठांत आहे, आणि तें असणें सर्वथैव योग्य आहे. रतन साळगांवकरची मात्र एक बोलकी जबानी काय ती हातांत आहे. तेरेखोलच्या पलीकडील पेडणें महाल १७८८ पर्यंत सावंतांकडे होता. त्यांतील मालपें गांवच्या अंजनीबाई मालपेकर यांस १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीची रत्नसदस्यता मिळाली, व तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. केरीच्या केसरबाईंची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीबाहेर गेली. कुर्डीच्या मोगूबाईंनीं तर अख्खी शिष्यशाखा उभी केली. मालपेकर, केरकर, कुर्डीकर, साळगांवकर: या आडनांवांत बापाचें नांव नाहीं, गांवाचें आहे. इतर पुरावा नसतांना निदान कोणत्या गांवांत शोधावयाचें हें तरी हीं आडनांवें सांगतात.

तेव्हां शोधावयाचें काय? चिजांच्या वह्या, मग त्या मोडींत असोत कीं बाळबोधींत. ग्रामोफोनच्या तबकड्या: त्यांच्या लेबलावर ‘बाई’ अथवा ‘मिस’ म्हणून जें नांव असतें तें, आणि लेबलाच्या कडेस तबकडीवरच कोरलेला अंक, या दोहोंची नोंद घ्यावी, त्या अंकावरून मुद्रणाचा काळ लावतां येतो. चित्रपटगृहांत विकलीं जाणारीं गाण्यांचीं पुस्तकें, नाटकांचीं हस्तपत्रकें, करारनामे, देवस्थानच्या जमाखर्चांत कलावंतिणीस दिलेल्या बिदागीच्या ओळी, आणि ज्यांच्या पाठीमागें शाईनें नांवें लिहिलेलीं आहेत अशीं छायाचित्रें. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, पण तेथें चित्रपट जपले जातात. वाडींतल्या एखाद्या माळ्यावरची पेटी उघडावयास तें येणार नाहीं. तें काम आपलें.

यांत एक अडचण खरी आहे व ती लपविण्यांत अर्थ नाहीं. असले कागद दाखविण्यास घरचीं माणसें नाखूष असतात. नव्यानें मिळालेली प्रतिष्ठा जुन्या कागदानें जाईल ही त्यांची भीति निराधार नाहीं, कारण आपल्या समाजानें ती भीति पुष्कळ वर्षें खरी करून दाखविली आहे. जे लोक आपल्या घरांतील नांव छापूं देऊं इच्छीत नाहींत त्यांचा शब्द पाळला पाहिजे. कागद सुरक्षित राहिला, त्याची नक्कल झाली, तरी पुरे, प्रसिद्धि मागाहून पाहतां येईल. परंतु जी स्त्री हयात असतांना आपल्या नांवानें, आपल्या जबाबदारीवर बोलली, तिच्या बाबतींत संकोचाचें कारण उरत नाहीं. तिनें ऐका म्हणून सांगितलें. तिच्या म्हणण्याचा पाठ शुद्ध करणें, त्याचा काळ लावणें, आणि जेथें ती चुकली असेल तेथें तसें लिहिणें, हाच संशोधकाच्या हातून होणारा तिचा मान होय.

आमचा निर्णय थोडक्यांत असा: ‘सांगत्ये ऐका’ हें प्रथम श्रेणीचें साधन आहे; कालक्रमांत तें कच्चें, इतरांविषयीं एकपक्षी व कलेविषयीं अपुरें आहे; आणि कलावंत स्त्रीच्या घरांतील अर्थव्यवहाराविषयीं त्याच्या तोडीचा दुसरा मराठी लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याची पाठभेदांसह व कालनिर्णयासह चिकित्सक आवृत्ति निघावी. ज्या वाचकांच्या संग्रहीं ‘माणूस’चे १९६६ सालचे अंक असतील त्यांनीं ते बांधून ठेवावे, रद्दींत जाऊं देऊं नयेत, एवढीच तूर्त विनंति.